सारंगखेड्याचे दरवाजे

बॅरेजच्या केबिनमध्ये धुडकू बोरसे
दर तासाला पातळी लिहितो.
समुद्र त्याने एकदाच पाहिला, डुमसला.
ओहोटी होती; नुसता चिखल,
आणि लांबवर एक कुत्रं.

भाची सुरतहून नकाशा पाठवते:
सन दोन हजार पन्नास, भरतीची रेषा.
तिची गल्ली
फिकट निळी.

‘समिंदर आठे कसाले ई?’
तो स्वतःशीच हसतो.
मधे उकाई आहे, केवढी भिंत आहे.
पण तापीला पुढे जागा लागते.
समुद्र वर सरकला
तर उतारच संपतो,
पाणी कुणाच्या तरी उंबऱ्याशी
ताटकळतं.

फोन वाजतो: सहा दरवाजे, एक मीटर.
तो बटण दाबतो,
रजिस्टरात वेळ लिहितो,
आणि समासात, पेन्सिलीने,
कुणी न सांगता,
सुरतेच्या भरतीची.