अकरा महिने हिरवी खूण

पुएर्तो नातालेसमध्ये माझी बावीस गिऱ्हाइकं आहेत:
दोन दंतवैद्य, एक खाटीक, शवपेट्या करणारा सुतार,
खेकडे डबाबंद करणारी एक शेड
आणि ओतिलिया मिमिका, चष्मेवाली.
दरमहा ठरलेले पैसे. त्या बदल्यात
त्यांनी माझा विचार करायचा नाही.
हाच माझा धंदा. मी आठवलो
म्हणजे कुठेतरी काहीतरी बिघडलंय.

रात्री दोनला, वारा पत्र्यांशी भांडत असताना
त्यांचे सर्व्हर एकामागून एक जागे होतात,
दिवसाचं गाठोडं बांधून
दोन हजार किलोमीटरवर सांतियागोला धाडतात.
सकाळी कॉफीबरोबर बावीस ओळी, बावीस हिरव्या खुणा.
चर्चवरून जाताना आई क्रॉसची खूण करायची,
हातातली पिशवी खाली न ठेवता,
तशा मी त्या वाचायचो.

जुलैत नळ गोठला, फुटला.
ओतिलियाचा सर्व्हर बेसिनखाली होता.
तिथे नको, असं मी दोनदा सांगितलं होतं.
तिसऱ्यांदा सांगायला हवं होतं.
म्हटलं, काळजी नको, संध्याकाळपर्यंत सगळं परत,
आणि सांतियागोचं गाठोडं सोडलं.

शून्य बाइट.
आदल्या रात्रीचं, शून्य.
त्याच्या आदल्या रात्रीचं

मागच्या ऑगस्टात तिच्या भाच्याने फोल्डरला नवं नाव दिलं होतं.
जुन्या नावाचं रिकामं फोल्डर तसंच मागे राहिलं,
आणि माझं यंत्र अकरा महिने, इमानेइतबारे,
त्या रिकामेपणाची नक्कल करत राहिलं. एकही चूक न करता.
नव्वद दिवसांपलीकडचं आम्ही ठेवत नाही.
करारात तसं आहे, मीच लिहिलंय.
आडातच नव्हतं. पोहरा मात्र रोज वर येत होता,
आणि दोर ओला आहे का
हे मी एकदाही हात लावून पाहिलं नाही.

चार हजार माणसांचे नंबर.
ओतिलिया ओरडली नाही. फडकं पिळलं, पुन्हा फरशी पुसली.
म्हणाली, "जातील कुठे? लोकांच्या नाकावर आहेत."

दुसऱ्या दिवशी रेडिओवर: माझ्याकडचा चष्मा ज्याच्याकडे असेल
त्याने तो घालून यावं.

आले. बर्फातून, भिंतीला धरून.
मेंढ्या कातरणारा आर्सेनियो चिगुआय, दांडी दोऱ्याने बांधलेली.
शाळेतल्या दोघी बहिणी, एकमेकींचे चष्मे घालून,
तीन वर्षं तसेच घालत होत्या म्हणे.
एक जण पुंता आरेनासहून केलेला चष्मा घेऊन आला,
खाली मान घालून. तिने तोही मोजला.
ती काच यंत्राखाली धरायची, आकडे सांगायची, मी टाइप करायचो.
तेवढा वेळ समोर माणूस बिनचष्म्याचा,
नाकावर दोन गुलाबी खळगे,
माझ्याकडे, म्हणजे मी होतो त्या धूसर डागाकडे, बघत.
इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाची गिऱ्हाइकं मी पाहिली नव्हती.
पाहिली तेव्हा मी त्यांना दिसत नव्हतो.

नवव्या दिवशी, गर्दी पांगल्यावर, तिने माझ्यापुढे हात केला.
उजवा उणे दोन पंचवीस. डावा उणे दोन.
"बरोबर," मी म्हटलं.
"आता तक्ता वाच."
खालच्या तीन ओळी मुंग्या होत्या.
"काच जिथल्या तिथे आहे," ती म्हणाली. "डोळा पुढे गेलाय."
कधीपासून, ते तिला कसं ठाऊक असणार.

चार हजारांपैकी सव्वीसशे आले.
उरलेल्यांचं अजून काही कळलेलं नाही.

आता दर सोमवारी बावीस नावांच्या चिठ्ठ्या टाकतो,
जे निघेल त्याची एक फाईल मागवतो, उघडतो,
शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, नव्या चष्म्यातून.
त्याचे ओतिलियाने पूर्ण पैसे घेतले.
खुणा हिरव्याच येतात, पूर्वीसारख्या.
आज खाटीक निघाला. मार्च महिना:
अकरा किलो कोकरू, सुताराच्या नावावर, उधार.