मायनॉटचे जवस

डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं :
जवस, रोज दोन चमचे, दळूनच.
अख्खे गिळाल तर जसे गेले तसे बाहेर.
मी बोटं मांडीखाली लपवली होती,
आल्याच्या गड्ड्यासारखी.

शेजारच्या सेल्मरनं आइस्क्रीमच्या बादलीतून
चार पौंड आणून ठेवले पायरीवर.
म्हणाला, घोड्यांना घालतो आम्ही,
कातडी बघ कशी लखलखते.

बाहेर नॉर्थ डकोटाचं उणे बावीस.
तव्यात जवस तडतडले, आणि छतावरचा
धुराचा भोंगा बोंबलायला लागला.
टॉवेल हलवत उभी राहिले,
लसूण, तिखट, सगळं डोळ्यांत.

सेल्मरनं चटणी
लोणी लावलेल्या ब्रेडवर जाड पसरली,
रडला, आणखी मागितली.
जूनमध्ये त्याचं शेत निळं होतं म्हणे,
फक्त दुपारपर्यंत.
तोवर मला तिथवर चालत जायचंय.

पोटाचं म्हणाल तर
सकाळचं शब्दकोडं हल्ली अर्धंच राहतं,
त्याआधीच उठावं लागतं.

बोटांचं खरं सांगू? गोळ्या चालूच आहेत.
अंगठी अजून डबीत.
पण काल लोणच्याच्या बरणीचं झाकण
फिरलं.
हाक मारायला तोंड उघडलं होतं,
ते तसंच राहिलं.