सात अंश

लोक विचारतात, पाणी कसंय?
मी म्हणतो, ओलं.
हसतात, आणि चपला माझ्या मचाणाखाली सोडून जातात,
जणू मी देवळाबाहेरचा फुलवाला.

तपमापी जोमा वैतीची.
कुर्ल्याला काचेच्या पेट्यांतले मासे विकतात,
त्या दुकानातून चाळीस रुपयांना आणलेली.
जाळं शिवायच्या दोऱ्याला बांधून
तो ती कमरेइतक्या पाण्यात सोडायचा,
शंभरपर्यंत मोजायचा, मोठ्यानं,
मग कपाळाला आठ्या घालून वाचायचा
दवाखान्यातल्या डॉक्टरासारखा.
“मी बघतो, तू लिव,” म्हणायचा.
वही म्हणून माझ्या अक्षरात आहे.

फेब्रुवारी, पहाट : चोवीस.
याला थंड म्हणायला माणूस मुंबईचाच हवा.
उत्तरेचा वारा ओल्या पाठीवर काटा काढतो
आणि आक्साचा समुद्र तळ्यासारखा गप्प.
पोहायचं तर आत्ता पोहावं.
पण येतं कोण?
एकट्या मढच्या रेजिनाबाई,
लेकाचा जुना फुटबॉलचा शर्ट घालून.
तान्ह्याच्या अंघोळीचं पाणी बघावं
तसं कोपर बुडवतात,
म्हणतात, अजून दोन तांबे कढत हवं होतं.
आणि आत शिरतात.

मे : तीस. एखाद्या दुपारी एकतीस.
पाणी अंगाला लागतच नाही,
घामातून निघून घामात उतरावं तसं.
तेव्हा सगळं शहर येतं,
कारण गरम पाण्याला लोक माणसाळलेलं समजतात.
जोमा म्हणायचा,
गरम आहे म्हणजे खूश आहे, असं नाय.
तापाचं पोरही गरमच लागतं हाताला.

अष्टमीच्या भांगेला मी क्षणभर डोळे मिटतो.
उधाणाच्या दिवसांत नाही.
इथली वाळू ओहोटीत कूस बदलते,
काल जिथे गुडघा होता
तिथे आज डोकं.
हे वहीत लिहायला रकाना नाही.

जूनमध्ये लाल बावटा लागतो,
तपमापी खिळ्याला,
आणि सप्टेंबरपर्यंत कागदावर एक आडवी रेघ.

त्या रेघेत जुलैची एकच नोंद आहे.
चौघे आले होते, भिवंडीहून, दोन स्कूटरवर.
शिट्टी वाजवली. हात हलवून हसले,
मी त्यांचं स्वागत करतोय असं वाटलं असावं.
तिघे बाहेर आले.
चौथा रात्रभर मिळाला नाही.
सकाळच्या सुकतीला खडकांपाशी मिळाला.
जोमा त्याच्याजवळ उकिडवा बसला,
हात हातात घेऊन, बराच वेळ.
मग उठला, खिळ्यावरची तपमापी काढली,
त्याच्या मुठीत ठेवली
आणि शंभरपर्यंत मोजलं.
या खेपेला मनात.

“अठ्ठावीस,” म्हणाला.
मग चालत पाण्यापर्यंत गेला,
तिथेही बुडवली.
“इथंपण तेवढंच. लिव.”

मी लिहिलं. एकाच ओळीत,
दोनदा.

शाळेत शिकवलं होतं, माणूस सदतीस.
म्हणजे भर वैशाखातसुद्धा
समुद्र आपल्याहून सात अंश मागे.
तेवढंच काय ते अंतर.
त्या सात अंशांची राखण करायला
मला महिन्याच्या पगारावर ठेवलंय,
तोही कधी दहा तारखेला, कधी वीस.

जोमा आता मचाण चढत नाही. गुडघे.
फोन करतो : किती आज?
सत्तावीस, मी सांगतो. नोव्हेंबर लागला.
रात्री लाटा फुटताना निळ्या दिसतात,
पोरं मोबाइल घेऊन येतात काठापर्यंत,
आणि काठापर्यंतच राहिली की बरं वाटतं.

आज रेजिनाबाई बाहेर आल्या, केस पिळत,
चपला शोधताना तोल गेला
म्हणून माझा दंड धरला.
तशाच थांबल्या.
“अरे, अंग केवढं तापलंय तुझं! घरी जा की.”

नाही हो बाई,
एवढा असतोच मी.