हातचा

स्किप्टनला नोव्हेंबरात नऊ वाजतासुद्धा दिवा लावावा लागतो.
आमची शाळा भरते स्वयंपाकघरात,
फ्रीज आणि रेडिएटर यांच्या मधल्या टेबलावर.
घंटा म्हणून मी कुकरच्या झाकणावर उलथनं हाणते.
हेडबाई मी. पटावर एकटा निळू.
आणि शिपाई म्हणून एक बटाटा.

बटाट्याची नेमणूक अशी झाली :
सत्तेचाळीस अधिक अडतीस.
सात नि आठ पंधरा, पाच खाली लिही,
हातचा एक.
निळूने हात पाहिला. उलटा करून पाहिला.
"कुठंय?"

चेष्टा नव्हती त्यात. खरंच विचारत होता.
इतकी वर्षं मी हातचे घेत आले,
मूठ उघडून कधी बघितली नव्हती.
टोपलीत हात घातला, लागला तो दिला :
"हा घे. पुढच्या घरात पोचवल्याशिवाय सोडायचा नाही."

तो उठला आणि पुढच्या घरी गेला,
म्हणजे बैठकीच्या खोलीत, दार वाजवून.
मी मागच्या दाराने धावले, डोक्यावर भांडी पुसायचं फडकं :
"कोण पाहिजे?"
"दशककाकू आहेत का? एककाकडून एक पाठवलाय."
"या या! चार घरचे, तीन पाहुणे, त्यात हे आठवे.
चहा घेणार का हो?"
बटाटा नको म्हणाला.
पंच्याऐंशी.
आणि निळू पायपुसण्यावर लोळून हसला,
मार्चनंतर पहिल्यांदा.

मार्चपर्यंत तो त्या दुसऱ्या शाळेत होता.
प्रगतिपुस्तकात यायचं, 'शांत, समंजस.'
रात्री उशीचा अभ्रा चावायचा. आम्ही अभ्रे बदलत राहिलो.

मग काय, सुटलोच आम्ही.
एकोणतीस राहतो विशीत, आडनाव तिसाचं कसं लावतो?
लग्न ठरलंय त्याचं.
तो चमचा, ती सुरी, ते ताट :
ताटाला कुणी घ्यायचं यावरून सोयरिकीत भांडण,
तीन दिवस वऱ्हाड हलेना, भूगोल बुडाला.
सगळंच जमतं असं नाही.
नवाचा पाढा मी बदकाच्या आवाजात म्हटला, कालव्यावरच्यासारखा,
तर वहीतून मान वर न करता म्हणाला,
"आई, आज नको."
त्या दिवशी बदकाने गुपचूप भात लावला.

जानेवारीत कौन्सिलकडून मिसेस थ्वेट आल्या.
ओला रेनकोट, फाइल, चष्म्यावर थेंब.
मी फडकं लपवलं, वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं,
रंगीत, खोटं.
त्यांनी कागदावर लिहिलं : अडुसष्ट अधिक सत्तावीस.
निळू गप्प.
टेबलाखाली त्याचा हात मिटत गेला.
मी ओळखते तो हात.
बाई काही बोलल्या नाहीत. पेनाचं टोपण लावलं आणि थांबल्या.
रेडिएटर खुडखुडला.

मग निळू उठला, टोपलीशी बसला,
चार बाजूला सारून नेमका तो शोधला
(कोंब फुटले होते बिचाऱ्याला)
आणि बाईंच्या हातावर ठेवला.
सगळं इंग्रजीतून समजावलं,
'हातचा' तेवढा मराठीत राहू दिला.

फाइल खुर्चीत ठेवून मिसेस थ्वेट चालत निघाल्या,
बटाटा दोन्ही हातांत, पिल्लू धरावं तसा,
आणि बैठकीच्या दारावर खरंच टकटक केली.
मी स्वेटरच ओढला डोक्यावर.
"घरचे सहा, पाहुणे दोन, त्यात तुम्ही एक."
"नव्वद," बाई आतून पुटपुटल्या.
"पंच्याण्णव," निळू स्वयंपाकघरातून ओरडला,
"पाच इथे बसलेत ना!"

त्या गेल्यावर टोपलीत पाहिलं तर बटाटा नाही.
अर्ध्या तासाने बेल.
कालव्याच्या पुलावरून परत आल्या होत्या भिजत,
खिशातून काढून पुढे धरला, ओशाळलेल्या :
"चुकून आला बरोबर."

"राहू द्या," निळू म्हणाला,
"उद्या वजाबाकी आहे.
त्याला कांदा लागतो."