सहा नंबर

स्वान्सीच्या त्या इस्पितळात कपडे बदलायच्या खोल्या दोनच.
एकीवर ‘डॉक्टर’, दुसरीवर ‘नर्स’.
मी सर्जन. बदलायचे दुसरीत.

भिंतीपलीकडे चहा, हशा,
आणि त्या हशातच उद्याच्या यादीतली माझी केस
दुसऱ्या कुणाच्या नावावर सरकलेली.
बुटांच्या नाड्या सोडत एलुनेद म्हणायची,
“भिंत पातळ आहे गं. कान लाव.”

हातमोजे साडेसातचे.
बोटांच्या पुढे रिकामं रबर लोंबायचं,
नेमकं गाठ मारताना मध्ये यायचं.
माझा मागणीचा कागद तीनदा हरवला.

मग एका सोमवारी
टेबलाशेजारी सहा नंबरचं खोकं.
मागवणार : मिस्टर प्रिचर्ड,
ज्यांच्या पंजाला साडेआठही दाटतो.

एलुनेद कात्र्या मोजत होती.
मोजून झालेल्या
पुन्हा मोजत होती.