आधी तेरा, मग दहा

चैतराम निखारे सरांच्या तेराव्याला,
पाचपावलीत, पंगत उठल्यावर,
हात धुवायच्या बादलीपाशी
वेणूनं माझ्या ओल्या हातात पेनड्राइव्ह ठेवला.
"बाबांनी जमवलेले शब्द आहेत जी.
तुमच्या कामाचे असतील तर पाहा."

मी परसोडीच्या आयटी पार्कात
मोबाइलच्या कीबोर्डाला मराठी शिकवते.
त्याला कोथिंबीर येते.
सांबार लिहिला की तो पुढे इडली सुचवतो.

फाइल उघडली. एका ओळीवर एक शब्द.
टोंगळा. भेदरं. गंज. फल्ली. सांबार.
आणि प्रत्येकाच्या शेपटाशी
टोपी घातलेला इवलासा एम,
लग्नात न बोलावता आलेला,
पण रांगेत नीट उभा.

यंत्राला विचारलं, सांबार आहे?
नाही.
अरे, समोर दिसतोय मला. ओळ नव्वद.
नाही.
त्याच्या लेखी तो सांबार नव्हताच.
सांबार आणि अजून काहीतरी होतं.

शेजारचा ऋत्विज खुर्ची न वळवता म्हणाला,
"विंडोजची फाइल असंल बे.
ओळ संपली का ते दोन खुणा ठेवते, तेरा अन् दहा.
आपल्याला दहाच पुरते.
जुन्या मॅकला तर नुसती तेरा पुरायची.
उडव ना तेरा. काऊन डोकं खाऊन राहिली?"

तेरा म्हणजे गाडा डावीकडे परत.
दहा म्हणजे कागद एक ओळ वर.
हे मला ऋत्विजनं सांगायला नको होतं.
बारावीच्या सुट्टीत, सक्करदऱ्याच्या खोलीत,
कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात
सरांनी माझा डावा हात दांड्यावर ठेवला होता.
"एका झटक्यात होते बाई, पण कामं दोन आहेत.
नुसता कागद सरकला
तर पुढची ओळ मधातूनच सुरू होते, पायऱ्या पडतात.
नुसता गाडा ओढला
तर लिहिल्यावरच लिहिल्या जाते."

त्यांचे वडील हातमागावर बसत.
सर म्हणायचे, धोटा रिकामा परतत नाही,
जातानाही विणते, येतानाही विणते.
हे यंत्र मात्र दर ओळीला
रिकामंच घरी येते.
याचं त्यांना वाईट वाटायचं.
टिंग् वाजली की अजूनही.

माणसाचा आधी दहावा होतो, मग तेरावा.
फाइलीत उलटं.
आधी तेरा, मग दहा,
पुन्हा तेरा, पुन्हा दहा,
उन्हातान्हात, वर्षानुवर्षं, एकेका शब्दामागे.

मी तेरा उडवले. एका आज्ञेत.
सांबार सापडला.

दुपारी पुण्याहून फोन.
"अगं, सगळ्याच ओळी बदलल्यास? इथे नुसतं लाल-हिरवं दिसतंय."
एकही शब्द बदलला नाही, मी म्हटलं.
"मग काय बदललं?"
शेवट.

फोन ठेवला आणि सरांचं बोलणं ऐकू आलं.
बसा जी. हो जी. फी राहू द्या जी.
पुण्यातल्या पहिल्या नोकरीत
मी आठवडाभरात माझा जी काढून टाकला होता.
कोणी सांगितलं नव्हतं.
शब्द तेच राहिले, फक्त
सगळीकडे जुळू लागले.

मूळ फाइल वेगळ्या फोल्डरात ठेवली,
तिच्या सगळ्या तेरांसकट.
ऋत्विजला सांगितलं नाही.

रात्री एकदा ओळी मोजायला लावल्या.
यंत्र म्हणालं, चार हजार दोनशे दहा.
मी बोट ठेवून मोजलं तर एक जास्त.
शेवटच्या ओळीला काहीच नव्हतं,
ना तेरा, ना दहा.
सरांनी शब्द टाइप केला,
एंटर दाबायचं राहिलं.
यंत्र अशा ओळीला ओळ मानत नाही.

काळ्या पडद्यावर माझ्या मशीनचं नाव
त्या शब्दाला चिकटून आलं,
मध्ये बोटभर जागा न सोडता,
आणि कर्सर लुकलुकत राहिला
उलसक