बिघडला तर?

श्रीलताच्या लग्नाची डीव्हीडी
दहा महिने तांदळाच्या डब्यावर पडून होती.
वरती स्टुडिओचा गुलाबी बदाम, आत सगळं लग्न,
आणि घरात ते बघायला यंत्र नाही.
शेजारच्या नरसम्माकडं आहे,
पण तिथं बघितलं तर मी किती रडले याचा हिशोब
संध्याकाळपर्यंत सगळ्या घरकुलात पोचेल.

म्हणून निघाले.
रुपयांतला भाव मला नीट कळत नाही.
हजार विड्यांना बेचाळीस, हे माझं माप.

नव्या पेठेत काचेचं दार, आत गारठा.
एकवीसशे.
म्हणजे पन्नास हजार विड्या, वळून, बांधून, मोजून.
टाय लावलेला मुलगा रिमोटवरचं एकेक बटण सांगत होता.
मी विचारलं, बिघडला तर?
त्यानं कार्ड दिलं, त्यावर लांबलचक नंबर.
"इथं आणायचं नाही मावशी, इथं फोन करायचा."
कोण उचलतं?
"एक बाई बोलते. हिंदीसाठी दोन दाबा."
तेलुगूसाठी काय दाबायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.
पावतीच्या तळाची बारीक अक्षरं त्याच्याकडूनच वाचून घेतली:
विकलेला माल परत घेतला जाणार नाही.
मला हसूच आलं.
माझा माल तर रोज परत येतो.
मुकादम मूठ उचलतो, दोन बोटांत चेपतो,
छाट म्हणून बाजूला टाकतो,
आणि त्या छाटीची पावती नसते.

मंगळवार बाजारात साडेअकराशे.
ताडपत्रीवर मांडलेले, एकावर एक,
कंपनीच्या नावात एक अक्षर कमी.
बिघडला तर?
"असं अशुभ बोलू नका की ओ अक्का."
पुढच्या मंगळवारी तुम्ही इथंच का?
त्यानं वर आभाळाकडं बोट केलं.

कन्ना चौकाच्या अलीकडं, बोळात, शिवयोगी कडगंची.
टेबलावर पोटं उघडी टाकलेले टेप, रेडिओ, एक मिक्सर.
चौदाशे, म्हणाला.
तेहतीस हजार तीनशे तेहतीस, आणि वर एक थोटूक.
तेराशे करा.
"न्हाई."
बिघडला तर?
डागणी देता देता, मान वर न करता तो म्हणाला,
"बिघडणारच की. तुमच्याकडं लाइट कसली नाचती.
बिघडला की आणा."
कागद?
"कागद कशाला? मी हाय की."

मग म्हणाला, डिस्क आणली असली तर लावून बघा.
पिशवीत होतीच.
त्याच्या टीव्हीत सगळं हिरवट दिसायचं.
हिरवी श्रीलता, हिरवा नवरदेव,
एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ धरून उभे.
चहावाला पोरगा किटली घेऊन थांबला.
मी पदर तोंडाला लावला
तशी कडगंचीनं हात लांब करून आवाज बारीक केला
आणि पुन्हा डागणीकडं वळला.
ही कोण, कुठं दिली, काही विचारलं नाही.
मी नोटा मोजल्या. त्यानं मोजल्या नाहीत.

आठव्या महिन्यात बिघडला.
जुन्या टॉवेलात गुंडाळून रिक्षानं नेला.
त्यानं झाकण काढलं, वाकून बघितलं,
आणि लागोपाठ तीन शिंका दिल्या.
"अक्का, ही तंबाखू हाय होय!"
चिमट्यानं आणखी काहीतरी ओढून काढलं, पांढरं, लांब.
ते यांच्या मागावरचं सूत.
सदऱ्यावरनं घरी येतं, झाडलं तरी उरतं.
"अर्धी विडी, अर्धी चादर.
कंपनीनं असलं मॉडेल काढलंच न्हवतं."
किती झाले?
"शिंकांचं काय घेऊ आता?"
मी वीस रुपये टेबलावर ठेवले.
त्यानं त्यातले दहा परत ढकलले.

आता सूप घेऊन मी दाराशी बसते,
यंत्राकडं पाठ करून, तंबाखू उडू नये म्हणून.
हात चालू असतात.
मागं सनई वाढते, बायका हाका मारतात,
कुणाची तरी चप्पल हरवते,
आणि माझ्या पाठीमागं श्रीलता
रोज दुपारी सासरी जाते.